सर माँटेग्यू बटलर : वऱ्हाडचे गव्हर्नर, केंब्रिजचे कॉलेजप्रमुख

बुलडाणा, अकोला, अमरावती व यवतमाळ या चार जिल्ह्यांचे वऱ्हाड १९२५ ते १९३३ या काळात ज्यांच्या अमलाखाली होते, ते सर माँटेग्यू शेरार्ड डॉज बटलर मध्य प्रांताचे गव्हर्नर म्हणून परिचित आहेत. त्यांच्या आयुष्याची अखेरची कारकीर्द मात्र विद्यापीठाच्या कारभारात गेली. १९३७ ते १९४८ अशी अकरा वर्षे ते केंब्रिज विद्यापीठातील पेम्ब्रोक कॉलेजचे प्रमुख, म्हणजे ‘मास्टर’ होते.

बटलर यांचा जन्म १९ मे १८७३ रोजी झाला. हेलीबरी येथील शाळेत व पुढे पेम्ब्रोक कॉलेजात शिक्षण घेऊन १८९६ मध्ये ते हिंदुस्थानच्या सनदी नोकरीत दाखल झाले. त्यांच्या नोकरीचा बराच काळ पंजाबात गेला. राजस्थानातील कोटा संस्थानात त्यांनी जमाबंदीचे काम पाहिले. पंजाब कायदेमंडळाचे ते अध्यक्ष होते. १९२४ मध्ये दिल्लीच्या ‘कौन्सिल ऑफ स्टेट’चे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि जानेवारी १९२५ मध्ये ते नागपूरला गव्हर्नर म्हणून रुजू झाले. त्यांचे बंधू सर हारकोर्ट बटलर हेही संयुक्त प्रांत व ब्रह्मदेश येथे गव्हर्नर होते.

वऱ्हाडचे वेगळेपण

नागपूरचे गव्हर्नर वऱ्हाडचा कारभार पाहत असले, तरी कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड हा ब्रिटिश मुलूख नव्हता. १८५३ च्या तहाने तो निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी सालीना पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने घेतला व १९०३ मध्ये मध्य प्रांतास जोडला. निजामाने १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितला. बटलर यांच्या कारकीर्दीत, १९२६ मध्ये, व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांनी ही मागणी साफ नाकारली.

या पेचाचा परिणाम प्रतिनिधित्वावरही झाला होता. वऱ्हाडातील मतदार नागपूरच्या कायदेमंडळासाठी आपले प्रतिनिधी निवडून देत. परंतु प्रदेश परका असल्याने या निवडून आलेल्या सभासदांची पुन्हा सरकारतर्फे औपचारिक नेमणूक करावी लागे. मलकापूर वा मेहकरच्या मतदाराने दिलेला कौल सरकारी नेमणुकीवाचून पुरा होत नसे. त्यातही मताचा अधिकार मोजक्याच लोकांना होता.

असहकार, सहकार आणि सत्याग्रह

बटलर आले तेव्हा कायदेमंडळात स्वराज्य पक्षाचे बहुमत होते. मंत्र्यांचे पगार नामंजूर करून या पक्षाने द्विदल राज्यपद्धती बंद पाडली होती. ऑक्टोबर १९२५ मध्ये अमरावतीचे स्वराज्यवादी नेते व कायदेमंडळाचे अध्यक्ष श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरांच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली. पंडित मोतीलाल नेहरू यांनी त्यांच्यावर टीका केली, तर महाराष्ट्रातील अनेक पुढाऱ्यांनी त्यांची बाजू घेतली. या वादातून पक्षात फूट पडली व १९२६ मध्ये अकोल्यात प्रतियोगी सहकारवादी पक्ष उभा राहिला. पुढे १९२९ मध्ये बटलर रजेवर असताना तांबे यांनीच हंगामी गव्हर्नर म्हणून काम पाहिले. एका वऱ्हाडी माणसाने प्रांताच्या सर्वोच्च पदावर बसण्याचा हा प्रसंग होता.

१९३० मध्ये सविनय कायदेभंग सुरू झाला. समुद्रकिनारा नसलेल्या वऱ्हाडात मिठाबरोबरच जंगलाचे कायदे मोडण्याचा मार्ग निघाला. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे जंगल सत्याग्रह केला. सरकारने धरपकड केली. याच सुमारास जागतिक मंदीने कापसाचे भाव कोसळले आणि कापसावर जगणारा शेतकरी सावकाराच्या पाशात अधिकच अडकला. १९३३ मध्ये मध्य प्रांतात कर्जतडजोडीचा कायदा झाला, त्यामागे ही परिस्थिती होती.

कुलपती आणि मास्टर

१९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचे कुलपतिपद गव्हर्नरकडे पदसिद्ध असे. त्यामुळे बटलर हे वऱ्हाडच्याही उच्च शिक्षणाचे नाममात्र प्रमुख होते. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेजही १९२३ मध्येच निघाले होते. त्याच वेळी खामगावचे टिळक राष्ट्रीय विद्यालय सरकारी शिक्षणाला पर्याय देण्याचा प्रयत्न करीत होते.

१९३३ मध्ये बटलर यांनी हिंदुस्थान सोडला. चार वर्षे ते आयरिश समुद्रातील आइल ऑफ मॅन या बेटाचे लेफ्टनंट गव्हर्नर होते. त्यानंतर १३४७ मध्ये स्थापन झालेल्या पेम्ब्रोक कॉलेजने आपल्या या जुन्या विद्यार्थ्यास मास्टर केले. तेथील मास्टरची निवड कॉलेजचे फेलो, म्हणजे अध्यापक सभासद, करतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ ते १९४३ मध्ये, ते केंब्रिज शहराचे महापौरही होते. ७ नोव्हेंबर १९५२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे चिरंजीव रिचर्ड ऑस्टिन बटलर यांचा जन्म १९०२ मध्ये पंजाबातील अटक येथे झाला. भारतमंत्र्यांच्या कचेरीत उपमंत्री असताना १९३५ च्या कायद्याच्या कामात त्यांचा वाटा होता. याच कायद्यानुसार व १९३६ मध्ये निजामाशी झालेल्या करारानुसार ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ हा एकच प्रांत गणला गेला. इंग्लंडचा १९४४ चा प्रसिद्ध शिक्षण कायदाही त्यांनीच आणला.

बटलर पिता-पुत्रांच्या कार्याचे मोजमाप करताना एक विसंगती नजरेआड करता येत नाही. नागपुरात बटलर यांचे गव्हर्नरपद व कुलपतिपद दोन्ही बादशहाच्या नेमणुकीने आले. ज्यांच्यावर अंमल चालवायचा, त्यांचे मत कोणी विचारले नव्हते. केंब्रिजमध्ये मात्र ज्यांचा कारभार पाहायचा, त्यांच्याच पसंतीने त्यांना पद मिळाले. एका माणसाच्या आयुष्यात या दोन्ही पद्धती एकत्र आल्या. वऱ्हाडातील लोकांनी १९३० मध्ये जो लढा दिला, त्याच्या मुळाशी याच दोन पद्धतींमधील अंतर होते.

आज बुलडाणा जिल्ह्यातील महाविद्यालये १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. सरकार लोकनियुक्त झाले, तरी राज्यपालांनीच कुलपती असण्याची ब्रिटिश काळातील प्रथा मात्र कायम आहे.