लिननचे स्वप्न आणि विदर्भाचे जवस

जवसाच्या शेतीला ऊर्जितावस्था कशी येईल, असे विचारले की हल्ली एक ठरावीक उत्तर मिळते. लिननचे कापड महाग विकते. ते ज्या झाडाच्या सालीपासून होते ते विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या पिकते. आपण मात्र बी तेवढे घेतो आणि काड्या वाया घालवतो. तेव्हा लिननच्या गिरण्या काढाव्यात, म्हणजे जवसाचे दिवस पालटतील.

या पूर्वपक्षातले मूळ विधान खरे आहे. युरोपातला धाग्याचा फ्लॅक्स आणि आपले जवस ही वनस्पतिशास्त्राच्या लेखी एकच जात. पण जात एक असली तरी पीक एक नव्हे. फ्रान्सच्या नॉर्मंडीपासून बेल्जियमपर्यंतच्या किनारपट्टीत फ्लॅक्स हेक्टरी शंभर किलोंहून अधिक बी टाकून दाट पेरतात. दाटीमुळे झाड फांद्या न फोडता कमरेपर्यंत सरळ वाढते. आपल्याकडे हेक्टरी सुमारे २५ किलो बी पुरते, कारण आपल्याला फांद्या आणि बोंडेच हवी असतात. शिवाय हे पीक मोठ्या दिवसांचे. रब्बीतल्या लहान दिवसांत, जमिनीतल्या ओलीवर, त्याची उंची तेवढी जातच नाही.

खरी अडचण काढणीनंतर येते. फ्लॅक्स कापत नाहीत, मुळासकट उपटून शेतातच पसरतात. कित्येक आठवडे दव आणि पाऊस खाऊन साल कुजते, तेव्हा कुठे धागा सुटतो. विदर्भातले जवस निघते फेब्रुवारी-मार्चमध्ये, कोरड्या उन्हात. मग दव आणायचे कोठून? तळ्यात कुजवावे, तर नेमकी तेव्हाच तळी आटत असतात.

कोणी म्हणेल, जवसाच्या काडीतूनही धागा निघतो. निघतो, पण आखूड आणि जाडाभरडा. कॅनडात अशा काड्यांचा उपयोग सिगारेटच्या कागदासाठी झाला आहे. तो जोडधंदा म्हणून चालेल, त्यातून उंची लिनन होणार नाही. कोलकात्याजवळ रिश्रा येथे लिननचे सूत काढणारी मोठी गिरणी आहे, आणि तिचा फ्लॅक्स येतो तो युरोपातून.

मग जवस मागे का पडले? इतिहास पाहा. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, आणि मध्य प्रांताचे जवस मुंबई बंदरातून विलायतेला जाऊ लागले. तिथे त्याच्या तेलाचे रंग आणि लिनोलियम होत असे. पेरा वाढला तो गिऱ्हाईक होते म्हणून. पुढे कृत्रिम रंग आले, ती मागणी ओसरली. सिंचन आले तिथे हरभरा आणि गहू आले.

आज पूर्व विदर्भातला शेतकरी उतेरा पद्धतीने जवस घेतो: धान उभे असतानाच बांधीतल्या ओल्या चिखलात बी फोकायचे, धान कापले की उरल्या ओलीवर रोप वाढते. नांगरट नाही, खर्च जवळजवळ नाही, म्हणून उत्पन्नही बेताचेच. तो आळशी नाही, त्याचा हिशेब चोख आहे. केंद्राच्या रब्बी हमीभावाच्या यादीत गहू, बार्ली, हरभरा, मसूर, मोहरी आणि करडईसुद्धा आहे, जवस नाही. ज्या पिकाला भावाची खात्री नाही त्यावर खत आणि पाणी कोण घालील?

म्हणून सिद्धान्त असा: विदर्भाच्या जवसाचा उद्योग धाग्याचा नव्हे, बियाचा आणि तेलाचा आहे. सावजी रश्श्याला आणि चटणीला ज्या तेलाची चव लागते, ते लवकर खवट होते, कारण त्यातले निम्म्याच्या आसपास मेदाम्ल लिनोलेनिक असते. त्यालाच बाजार ओमेगा-३ म्हणून दाम मोजतो. उलट भाभा अणुसंशोधन केंद्राचे टीएल-९९ हे वाण त्या आम्लात कमी, म्हणून तेल टिकाऊ. दोन्ही माल एकत्र झाले की दोन्हींचा भाव बुडतो. खरेदी वेगवेगळीच हवी. नागपूरच्या एनएल-९७ आणि पीकेव्ही एनएल-२६० या वाणांचे खात्रीचे बी, गादमाशी चुकवणारी वेळेवरची पेरणी, एखादे संरक्षित पाणी आणि गावाजवळ घाणी, एवढ्यावर हे पीक उभे राहू शकते.

लिननच्या गिरण्यांची मागणी करणाऱ्यांनी आधी जवसाला हमीभाव मागावा.