हौशी रग्बीचा अस्त आणि जोना लोमू

खेळाडूंचा विषय निघाला की आम्ही बडोदेकर मंडळी आखाड्यांकडे वळतोच. खंडेराव महाराजांच्या पदरी मल्ल होते. त्यांचा खुराक संस्थानातून येई आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. इंग्लंडात जन्मलेल्या रग्बीत मात्र खेळाचे पैसे घेणे शंभर वर्षे निषिद्ध होते. हा नियम का आला आणि कसा गेला, हे जोना लोमूच्या आयुष्याच्या आधारे पाहू.

उत्तर इंग्लंडातले खेळाडू गिरण्यांत नि खाणींत राबणारे होते. शनिवारी सामना खेळला की मजुरी बुडे. ती भरून द्यावी, एवढीच त्यांची मागणी. संघटनेने ती नाकारली, तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. त्यातूनच पुढे रग्बी लीग हा खेळ झाला. मूळची रग्बी युनियन हौशीच राहिली. अर्थात ही हौस खाऊनपिऊन सुखी घरांनाच परवडणारी होती.

लोमू अशा घरातला नव्हता. १२ मे १९७५ रोजी ऑकलंडला टोंगन कुटुंबात तो जन्मला. बालपणीची काही वर्षे टोंगात नातेवाइकांकडे काढून तो दक्षिण ऑकलंडच्या कष्टकरी वस्तीत वाढला. जून १९९४ मध्ये, एकोणीस वर्षे पंचेचाळीस दिवसांचा असताना, तो न्यूझीलंडकडून फ्रान्सविरुद्ध उतरला. इतक्या लहान वयात त्या संघातून कसोटी खेळलेला तोवर कोणी नव्हता.

पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत विश्वचषक झाला. १८ जूनला केपटाऊनच्या उपांत्य सामन्यात सहा फूट पाच इंचांच्या या धिप्पाड गड्याने इंग्लंडवर चार ट्राय केले, म्हणजे चार वेळा चेंडू त्यांच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला. आडव्या आलेल्या माइक कॅटला तर त्याने अक्षरशः तुडवले. न्यूझीलंड ४५-२९ ने जिंकले. पाचच दिवसांनी, अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, दक्षिण गोलार्धातील तीन देशांच्या मंडळांनी रूपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीशी प्रक्षेपणाचा दहा वर्षांचा करार जाहीर केला. रक्कम पंचावन्न कोटी अमेरिकी डॉलर. अंतिम सामना न्यूझीलंड १५-१२ असा हरले. पण ऑगस्टमध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय मंडळाने हौशीपणाची अट काढून टाकली. हडर्सफील्डच्या बैठकीला तेव्हा बरोबर शंभर वर्षे होत होती.

त्याच वर्षाच्या अखेरीस लोमूला मूत्रपिंडाचा गंभीर विकार असल्याचे निदान झाले. म्हणजे शरीर हेच भांडवल ठरले, तेव्हाच ते पोखरू लागले होते. तरीही १९९९ च्या विश्वचषकात त्याने आठ ट्राय केले. ६३ कसोटींत ३७ ट्राय करून २००२ मध्ये तो शेवटची कसोटी खेळला. २००३ मध्ये डायलिसिस सुरू झाले. २००४ मध्ये वेलिंग्टनचे नभोवाणी निवेदक ग्रँट केरेआमा यांनी त्याला आपले एक मूत्रपिंड दिले आणि त्याच्या बळावर तो कार्डिफच्या क्लबकडून पुन्हा मैदानात उतरला. २०११ मध्ये तेही निकामी झाले. १८ नोव्हेंबर २०१५ रोजी, चाळिसाव्या वर्षी, तो गेला.

ज्याच्या धावांनी रग्बीत कोट्यवधी डॉलर आले, त्याच्या दोन लहान मुलांसाठी खेळाडूंच्या संघटनांना निधी उभारावा लागला. राजाश्रय संपल्यावर जुन्या मल्लांचे म्हातारपण कसे गेले, हे ज्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही.