मातृपितृभक्ती आणि जीवनसमाधान

आईवडिलांविषयीची कर्तव्यभावना आणि स्वतःच्या आयुष्याबद्दल वाटणारे समाधान यांचा परस्परसंबंध. याचा मानसशास्त्रीय अभ्यास प्रामुख्याने चीन, तैवान आणि हाँगकाँग येथे झाला. कन्फ्यूशिअसच्या परंपरेत या भक्तीला ‘श्याव’ म्हणतात. आईवडिलांची सेवा, त्यांचे उत्तरकार्य, पूर्वजांचे स्मरण आणि वंश चालवणे ही सारी कर्तव्ये तिच्यात येतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी लू शुन यांच्यासारख्या चिनी लेखकांनी या मूल्यावर कठोर टीका केली. पुढे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड हो यांनी त्याचा संबंध हुकूमशाही वळणाच्या संगोपनाशी जोडला. इतर काही अभ्यासांत मात्र हीच भावना कौटुंबिक जिव्हाळ्याशी निगडित दिसली. ही विसंगती तैवानचे मानसशास्त्रज्ञ येह ग्वांगह्वेई आणि ऑल्वेन बेडफर्ड यांनी 2003 मध्ये मांडलेल्या द्विविध प्रतिमानामुळे बरीचशी उलगडली. त्यांच्या मते मातृपितृभक्तीला दोन अंगे आहेत. ‘परस्पर’ भक्ती कृतज्ञतेतून आणि मायेतून येते. आईवडिलांनी खाल्लेल्या खस्तांची जाणीव तिच्या मुळाशी असते. ‘अधिकाराधीन’ भक्तीत वडीलधाऱ्यांच्या आज्ञेपुढे स्वतःची इच्छा मागे सारली जाते. ही एकाच रेषेची दोन टोके नव्हेत. एकाच माणसात दोन्ही प्रबळ असू शकतात.

जीवनसमाधान मोजण्यासाठी एड डीनर व सहकाऱ्यांची 1985 मधील मापनश्रेणी सर्रास वापरली जाते. तिच्यात 5 विधाने असून प्रत्येकाला 1 ते 7 गुण असतात. परस्पर भक्ती आणि समाधान यांचा संबंध बहुधा अनुकूल आढळतो. अधिकाराधीन भक्तीचे निष्कर्ष संमिश्र आहेत: कोठे ती चिंता व दडपणाशी जोडलेली दिसते, कोठे संबंध नगण्य असतो. त्यामुळे कर्तव्य किती पाळले यापेक्षा ते मनापासून स्वीकारले की धाकाने, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. स्वेच्छेने पांग फेडणाऱ्याला नाते आणि स्वायत्तता दोन्ही राखता येतात. तरीही भावना आणि प्रत्यक्ष शुश्रूषा यांत फरक करावा लागतो. अंथरुणाला खिळलेल्या आईची एकट्याने सेवा करणारी प्रेमळ मुलगीही थकून जाते.

बहुतेक अभ्यास एकाच वेळी घेतलेल्या प्रश्नावल्यांवर आधारलेले असल्याने त्यांतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. बालपणीच्या मायेतून कर्तव्यभावना आणि समाधान ही दोन्ही उपजू शकतात.

भावना आणि कर्तव्य यांपैकी कायदा फक्त बाह्य कर्तव्याला हात घालतो. भारताच्या 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकविषयक कायद्याने निर्वाहभत्ता मागता येतो. चीनच्या 2013 पासून लागू झालेल्या सुधारित कायद्यानुसार वेगळ्या राहणाऱ्या मुलांनी वृद्ध आईवडिलांना वारंवार भेटणे किंवा त्यांची विचारपूस करणे अपेक्षित आहे.