आई-बाबा डिसेंबरात जर्मनीला निघालेत? मग ख्रिसमस मार्केट २४ तारखेआधीच गाठा

मर्सिडीज-बेंझच्या गाड्या १९९५ मध्ये पिंपरीत, टेल्कोच्या आवारात बनू लागल्या. २००९ मध्ये कंपनी चाकणला गेली, त्याच वर्षी फोक्सवॅगनचा कारखानाही तिथे सुरू झाला. तेव्हापासून स्टुटगार्ट आणि वोल्फ्सबुर्ग ही नावं निगडी-प्राधिकरणातल्या घरांत काही नवी राहिली नाहीत. मुलगा किंवा मुलगी तिकडे नोकरीला आणि इकडे निवृत्त आई-वडील, अशी कितीतरी घरं इथे सापडतील. जर्मनीत सुट्ट्या डिसेंबरात मिळतात, म्हणून बोलावणंही बऱ्याचदा डिसेंबरचंच येतं.

मुलं व्हिडिओ कॉलवर ज्या ख्रिसमस मार्केटचं कौतुक सांगतात, ती सोप्या भाषेत सांगायची तर चौकातली जत्रा. आळंदीची कार्तिकी यात्रा ओसरते, साधारण त्याच सुमारास ती सुरू होते. ख्रिसमसच्या आधीच्या चार रविवारांच्या काळाला ॲडव्हेंट म्हणतात आणि जत्रा या काळातली असते. ड्रेस्डेनची जत्रा १४३४ पासूनची, तर स्टुटगार्टच्या जत्रेचा लेखी उल्लेख १६९२ चा. स्टुटगार्टमध्ये लाकडी टपऱ्यांची छपरंसुद्धा सजवतात आणि त्यांची स्पर्धा लागते. औंधच्या ब्रेमेन चौकाला ज्या शहराचं नाव आहे, तिथे ही जत्रा जुन्या टाऊन हॉलसमोर भरते.

घोळ होतो तो तारखेचा. ख्रिसमस २५ तारखेला, म्हणून अनेकजण २३-२४ चं तिकीट काढतात. पण स्टुटगार्टचं मार्केट साधारण २३ डिसेंबरलाच आवरतं. २४ च्या दुपारपासून दुकानंही बंद होतात, २५ आणि २६ ला सुट्टी असते आणि रविवारी तर एरवीही बाजार बंदच. म्हणजे एवढ्या लांबून गेलेल्या माणसांना दिसतो रिकामा चौक. जायचं तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात.

शाकाहारी माणसाची तिथे उपासमार होत नाही. किसलेल्या बटाट्याचे तळलेले पॅनकेक सफरचंदाच्या गोड चटणीसोबत मिळतात, साखरेत घोळवलेले बदाम आणि भाजलेले चेस्टनटही असतात. वाफाळती ‘ग्लूवाइन’ ही मसाले घातलेली वाइन. नको असेल तर ‘किंडरपुन्श’ मागायचं, त्यात दारू नसते. मगासाठी काही युरो अनामत घेतात, मग परत केला की पैसेही परत. सुटे पैसे जवळ हवेत, कारण सगळ्याच टपऱ्यांवर कार्ड चालत नाही.

२०१६ मध्ये बर्लिनच्या मार्केटमध्ये ट्रक घुसवण्यात आला, २०२४ मध्ये माग्डेबुर्गला कार. दोन्ही वेळा माणसं गेली. त्यामुळे आता प्रवेशापाशी काँक्रीटचे ठोकळे आणि पोलीस दिसतात.

पण जत्रा एका संध्याकाळची, हिवाळा मात्र अख्ख्या मुक्कामाचा. डिसेंबरच्या शेवटी स्टुटगार्टला सव्वाआठला उजाडतं आणि साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. मुलं कामावर, शेजाऱ्यांची भाषा येत नाही, खिडकीबाहेर अंधार. चिंचवडला सकाळी बागेत आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसणाऱ्या बाबांना थंडीपेक्षा हे जड जातं. म्हणून दुपारी उजेड असतानाच, रोज एक फेरी ठरवून घ्यावी. जाड स्वेटरपेक्षा न घसरणारे बूट महत्त्वाचे, कारण बर्फापेक्षा त्याचा गोठलेला पातळ थर जास्त दगा देतो. घरात फोडणी दिली की खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या. नाहीतर भिंतींना बुरशी धरते आणि घरमालकाशी वाद होतो.

कागदपत्रांकडे आधीच बघा. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो. अनेक पॉलिसींमध्ये आधीपासूनचा मधुमेह किंवा हृदयविकार वगळलेला असतो आणि ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पॉलिसी घेण्याआधी एजंटला हे थेट विचारा. औषधं पूर्ण मुक्कामाची घ्या आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत ठेवा. खर्च मुलं उचलणार असतील, तर त्यांना तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून हमीपत्र मिळवता येतं. त्याची अपॉइंटमेंट मिळायला कधीकधी आठवडे लागतात, त्यामुळे ही तयारी दिवाळीआधीच सुरू झालेली बरी.