शकातला एक आकडा

ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याला वाचक हजार प्रश्न विचारतात, पण त्यांतला एक कधी चुकत नाही: हे खरंच घडलं होतं का? व्याख्यानमालेत, संमेलनातल्या मुलाखतीत, पोस्टकार्डांच्या काळात पत्रांतूनही तो येत राहिला. उत्तरंही बहुधा ठरलेली. एक, ‘मी इतिहास लिहीत नाही, कादंबरी लिहितो.’ दुसरं, ‘इतकी वर्षं अभ्यास केला, इतके ग्रंथ वाचले, इतके गड पायी फिरलो.’ पहिलं उत्तर प्रश्न झटकून टाकतं, दुसरं त्याला दडपून टाकतं. विचारणाऱ्याच्या हाती दोन्हींतून काही लागत नाही. माझं म्हणणं असं, की या प्रश्नाला तिसरं उत्तर आहे आणि ते देणं हा कादंबरीकाराच्या कामाचाच भाग आहे. अमुक गोष्ट मी कशावरून घेतली आणि घेतली त्या वेळी तिच्याबद्दल काय माहीत होतं, एवढं त्याने सांगावं. हे पडताळून पाहायला रायगड किंवा पानिपत गाठायला नको. कल्याण सोडून कर्जतच्या दिशेला निघालं की लागोपाठ येणारी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन गावं पुरेशी आहेत.

अंबरनाथपासून सुरुवात करू, कारण तिथला पुरावा दगडात कोरलेला आहे आणि दगड खोटं बोलत नाही अशी आपली समजूत आहे. वालधुनीच्या काठचं शिवमंदिर, त्याच्या उत्तरेकडच्या दारावर शिलालेख. एकोणिसाव्या शतकात तो पहिल्यांदा वाचला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. त्यांनी शक लावला ७८२, म्हणजे इसवी सन ८६०. पुढे काही वर्षांनी पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा वाचला आणि शक निघाला ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. आज सगळे हेच साल मानतात, वा. वि. मिराशींनी शिलाहारांचे लेख एकत्र केले तेव्हा त्यांनीही तेच धरलं. भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखाली लेख वाचायला शिकलेले. गुरूचा आकडा शिष्याने दुरुस्त केला, एवढीच ही गोष्ट दिसते. पण त्या दोन वाचनांच्या मधल्या वर्षांत कुणी अंबरनाथवर कादंबरी लिहायला घेतली असती तर काय झालं असतं?

८६० धरलं तर मान्यखेटच्या गादीवर राष्ट्रकूट अमोघवर्ष, आणि त्याचा मांडलिक म्हणून उत्तर कोकणात शिलाहार कपर्दी दुसरा. कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत या दोघांची नावं शेजारी शेजारी येतात. १०६० धरलं तर राष्ट्रकूट जाऊन सत्त्याऐंशी वर्षं लोटलेली, कल्याणीला चालुक्यांचं राज्य, आणि ठाण्याला छित्तराज, नागार्जुन, मुम्मुणी या तीन भावांनी एकामागून एक केलेला कारभार. लेख यांतल्या मुम्मुणीच्या काळचा. त्याआधी चाळीसेक वर्षं माळव्याच्या भोज परमाराने कोकण जिंकलं होतं. १०२० च्या त्याच्या ताम्रपटांत त्या विजयाचा उल्लेख आहे. अंबरनाथचं देऊळ भूमिज शैलीतलं, आणि ही शैली माळव्यात बहरलेली. म्हणजे १०६० घेतलं की कादंबरीकाराला एक दृश्य आपोआप सुचतं: माळव्याकडून आलेला, किंवा तिथलं काम पाहून आलेला एखादा सूत्रधार इथल्या काळ्या पाषाणावर रेघा आखतोय. ८६० घेतलं तर हा माणूस कथेत शिरूच शकत नाही. एका आकड्याच्या वळणाने राजा बदलतो, सम्राट बदलतो, कारागिराच्या डोळ्यापुढचं देऊळसुद्धा बदलतं.

त्या काल्पनिक कादंबरीकाराने अप्रामाणिकपणा केला असता असं मात्र म्हणता येत नाही. त्याने त्या वेळचा उत्तम पुरावा, उत्तम विद्वानाच्या हातून घेतला असता आणि तरीही तो दोनशे वर्षांनी चुकला असता. म्हणून ‘मी सगळं तपासलंय’ या उत्तरावर माझा विश्वास बसत नाही. तपासण्यालाही तारीख असते. ‘भाऊ दाजींच्या वाचनावरून मी ८६० धरलं’ असं एक वाक्य पुस्तकाच्या शेवटी असतं तर पुढच्या वाचकाला चूक कुठे शिरली ते कळलं असतं आणि लेखकाची अब्रूही राहिली असती. पुस्तक जुनं होणं अटळच असतं. ते कशामुळे जुनं झालं हे दिसू देणं तेवढं लेखकाच्या हातात असतं.

इथे पहिला आक्षेप येतो. कादंबरी म्हणजे प्रबंध नव्हे. पानोपानी खुलासे द्यायला लागलं तर कथेचा जीव जाईल. पानोपानी द्यायला कुणीच सांगत नाही. आणि मराठी वाचकाला खुलासे सोसत नाहीत या समजुतीला तर आपल्याच साहित्यात मोठं उत्तर आहे. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांचं लांबलचक पत्र प्रस्तावना म्हणून जोडलेलं आहे. शिवाजी महाराजांचं मोठेपण नेमकं कशात, हे त्यात कुरुंदकर वकिलाच्या काटेकोरपणाने तपासत जातात, ते चमत्कारांवर आणि दंतकथांवर टेकवत नाहीत. एवढी कडक प्रस्तावना पुढ्यात असूनही त्या कादंबरीच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. कथेत रमणारा आणि पुरावा मागणारा वाचक हे दोन वेगळे प्राणी आहेत असं लेखकच धरून चालतात. घरोघरी तो एकच माणूस असतो, रात्री पुस्तक वाचून रडणारा आणि सकाळी साल पडताळणारा.

आता बदलापूर. गावाच्या नावाची गोष्ट तिथे सगळ्यांना पाठ: शिवाजी महाराजांच्या सैन्याचे घोडे सुरतेच्या मोहिमेत इथे बदलले जात, म्हणून बदलापूर. कादंबरीकाराला याहून गोड प्रसंग कुठे मिळणार? रात्रीचा मुक्काम, उल्हास नदीचं पाणी, फेसाळलेले घोडे सोडून ताज्या घोड्यांवर मांड टाकणारे राऊत. पण प्रसंग कागदावर उतरवायला बसलं की खोगिराखालचे प्रश्न वर येतात. घोडे बदलायचे तर ते कुणाचे? शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. तो कुणाच्या हवाली करून दुसऱ्यावर बसणार नाही. बदलला जाईल तो बारगिराचा, सरकारी पागेतला. म्हणजे बदलापुरात पागा हवी. पागा म्हणजे नुसतं आवार नव्हे. सभासदाने आपल्या बखरीत शिवकाळच्या पागेची रचना लिहून ठेवली आहे, त्यात पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. शंभर घोडे ठेवायचे तर चार पखाली, चार नालबंद, शिवाय वैरण, हरभरा आणि राखलेलं कुरण. एवढा पसारा एका गावात महिनोन्‌महिने असेल तर त्याची कुठेतरी खूण राहावी, निदान एखाद्या शेताच्या नावात.

मग दिशेचा प्रश्न. १६६४ च्या पहिल्या स्वारीचा अभ्यासकांनी मांडलेला मार्ग नाशिक-त्र्यंबकेश्वरावरून जव्हारच्या बाजूने जातो. बदलापूर त्यात येत नाही. एवढ्यावर गोष्ट निकालात काढणारे बरेच आहेत, आणि मला ती घाई वाटते. १६७० च्या सप्टेंबरात, दुसऱ्या स्वारीच्या आधी, कल्याणला मोठं घोडदळ गोळा होत होतं. जदुनाथ सरकारांनी हे नोंदवलं आहे. ३ ऑक्टोबरला ते सुरतेत होतं. बदलापूर कल्याणहून जेमतेम पंधरा किलोमीटरवर, पण सुरतेच्या उलट्या अंगाला. कल्याणहून सुरतेला निघालेला राऊत बदलापुरात उतरणार नाही. मात्र बोरघाट उतरून उल्हासच्या खोऱ्याने कल्याणच्या गोटाकडे येणारा, घाटात घोडा दमवून आलेला राऊत उतरू शकतो. म्हणजे गोष्ट सुरतेच्या वाटेवरची म्हणून डळमळीत, कल्याणच्या वाटेवरची म्हणून शक्य. तिला १६६४ पेक्षा १६७० जास्त शोभतं. नावातला ‘बदल’ हा शब्द अरबी-फारसीतून मराठीत आलेला, तोही या काळाला विसंगत नाही. पण विसंगत नसणं म्हणजे पुरावा असणं नव्हे. नाव आधी आणि गोष्ट मागून, असंही गावोगाव होतं. वाचकाने विचारलं तर कादंबरीकाराने हेच सांगावं: गोष्ट लोकांची, साल माझा तर्क.

यावर दुसरा आक्षेप जरा तापलेल्या सुरात येतो. लोकांच्या तोंडच्या गोष्टीला कागद कशाला मागता? ज्यांच्याकडे लिहिणारे नव्हते त्यांनी इतिहास तोंडीच राखला. आक्षेप खरा आहे, आणि याच जिल्ह्यात त्याला बळ देणारं उदाहरण आहे. पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे १२ सप्टेंबर १८१६ ला ठाण्याच्या किल्ल्यातल्या इंग्रजांच्या कैदेतून निसटले. त्यांच्या खिडकीखाली घोड्याला खरारा करणारा एक मराठा मोतद्दार गाणी म्हणत असे आणि त्या गाण्यांतून सुटकेचा बेत आत पोचवत असे, ही गोष्ट इतकी नाटकी आहे की ती एखाद्या कादंबरीकारानेच रचली असं कुणालाही वाटावं. पण ती १८२५ मध्ये इकडे आलेल्या बिशप हेबरच्या प्रवासवृत्तात लिहिलेली सापडते, घटनेनंतर अवघ्या नऊ वर्षांनी. म्हणून तोंडी गोष्ट फेकून द्यायची नसते. तरी हेबरनेही ती ऐकूनच लिहिली, हे विसरायचं नाही. शेजारच्या कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेला शिवाजी महाराजांनी मानाने परत पाठवल्याची गोष्ट घ्या. कल्याण-भिवंडी १६५७ मध्ये स्वराज्यात आली हे पक्कं. तो प्रसंग समकालीन साधनांत मिळत नाही हेही तितकंच पक्कं. नंतरच्या पिढ्यांना आपला राजा कसा हवा होता याची ती अव्वल साक्ष आहे. कादंबरीत ती खुशाल यावी, पण लेखकाने ती १६५७ च्या खात्यात जमा करू नये. अंबरनाथचं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं, उजाडल्यामुळे कळस राहून गेला, ही गोष्टही तशीच. ती पांडवांबद्दल काही सांगत नाही. बिनकळसाच्या देवळाकडे पाहून गावाला पडलेला प्रश्न मात्र तिच्यात जसाच्या तसा आहे.

उल्हासनगरला कागदाची ददात नाही. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी, १९४७ नंतर तिच्या बराकींत आणून ठेवलेले सिंधी निर्वासित, ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते झालेलं नामकरण. सगळं तारखेनिशी आहे. पण इथे कागदच सावधपणे वाचावे लागतात. मागे राहिलेल्या मालमत्तेबद्दल निर्वासितांनी सरकारकडे ‘क्लेम’ दाखल केले. कादंबरीकाराला तो अर्ज खजिना वाटेल: घर किती खणांचं, जमीन किती, दुकान कुठे. मात्र नुकसान लिहून देताना माणूस हात आखडता घेत नाही, आणि सरकारी पडताळणी करणारा तो आखडून घेतो. दोन्ही आकडे कागदावर, दोन्हींवर सह्या. खरं घर त्यांच्या मधे कुठेतरी.

आणि इथे विचारणारा वाचकही निराळा आहे. अंबरनाथच्या सूत्रधाराचा वंशज सभागृहात उठून उभा राहणार नाही. उल्हासनगरच्या पत्त्यात आजही ‘बी.के. नं.’ येतो, बी.के. म्हणजे बराक, ती केव्हाच पडून तिच्या जागी चार मजले उभे राहिले तरी लिफाफ्यावरचा नंबर तसाच. त्या नंबराच्या बराकीत किती बिऱ्हाडं होती, नळ कुठल्या टोकाला होता, दोन संसारांच्या मधला पडदा गोणपाटाचा होता की जुन्या चादरीचा, असं विचारणाऱ्याला ‘मी इतिहास लिहीत नाही’ म्हणून वाटेला लावता येत नाही. तो पडदा त्याच्या आजीने बांधलेला असतो.