वजन उतरले म्हणून हृदय वाचते का? स्वीडनने पंचवीस वर्षे शोधलेले उत्तर

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा इतिहास साधारणतः १९५४ पासून सांगितला जातो. त्या वर्षी मिनेसोटातील क्रेमेन व लिनर यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग अन्नमार्गातून वगळण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. या मार्गाने वजन झपाट्याने उतरे. पण पुढे यकृत निकामी झालेले रुग्ण आढळू लागले आणि ती पद्धत मागे पडली. १९६७ साली आयोवाच्या एडवर्ड मेसन यांची गॅस्ट्रिक बायपास पुढे आली. तरी मूळ प्रश्न शिल्लकच होता: याने हृदयविकार टळतो का?

मित्रहो, १९८७ साली स्वीडनमध्ये लार्स श्योस्ट्रॉम यांच्या नेतृत्वाखाली याचा शोध सुरू झाला. कोणावर शस्त्रक्रिया करायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवणे, हा खरा कस. परंतु शस्त्रक्रियेतील तत्कालीन मृत्युप्रमाण पाहून नीतिसमित्यांनी संमती नाकारली. मग शस्त्रक्रिया स्वतःहून निवडणारे २,०१० रुग्ण एका बाजूला आणि १८ निकषांवर जुळवलेले, नेहमीच्या उपचारांवरील २,०३७ रुग्ण दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी झाली.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने कान टवकारावेत. निवड स्वतःची असेल, तर साधनचिकित्सा अटळ आहे. शस्त्रक्रियेकडे वळलेले लोक मुळातच अधिक निरोगी तर नव्हते? नोंदी उलट सांगतात. जुळवणीनंतरही त्यांचे सरासरी वजन अधिक होते आणि त्यांच्यात धूम्रपान करणारेही अधिक होते. मोजता आलेल्या बाबींपुरते तरी पारडे शस्त्रक्रियेच्या विरुद्धच झुकलेले होते.

२०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी शस्त्रक्रिया-गटात २८ मृत्यू झाले, तर दुसऱ्या गटात ४९. पहिला हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात: १९९ विरुद्ध २३४.

मला अधिक मोलाची वाटते ती त्याच निबंधातील दुसरी नोंद. आरंभी बीएमआय जास्त असलेल्यांना लाभही जास्त झाला, असे दिसले नाही. ज्यांच्या रक्तात इन्सुलिन आरंभी अधिक होते, त्यांना मात्र तो अधिक झाला. किती किलो उतरले याच्याशीही हृदयाच्या लाभाचा मेळ बसला नाही.

आणि पात्रता? अमेरिकेतील १९९१ च्या सहमतीनुसार ती ठरे बीएमआयवरच: ४०, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५. ही मर्यादा बदलायला २०२२ उजाडले. तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आशियाई लोकांसाठी, म्हणजे तुमच्याआमच्यासाठी, २७.५ हा वेगळा आकडा आला. पण मोजपट्टी बीएमआयचीच राहिली.