लंडनचा दरबार आणि बर्लिनची बैठक



मुलगा परदेशी शिकायला निघाला की आपल्या घरात त्याला चार गोष्टी आवर्जून सांगितल्या जातात. खाण्यापिण्याची काळजी घे, नमाज चुकवू नकोस, संगत सांभाळ आणि राजकारणाच्या भानगडीत पडू नकोस. पहिल्या तीन गोष्टींविषयी माझे काही म्हणणे नाही. चौथी सांगण्यामागची आईबापांची भीतीही मी जाणतो. परक्या मुलखात पोराच्या तोंडून एखादा शब्द जायचा आणि त्याचे शिक्षण अर्धवट राहायचे, असे कोणाला वाटत नाही? परंतु ही चौथी गोष्ट आपल्या मागच्या पिढ्यांनी पाळली असती तर काय झाले असते, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा, म्हणून हा लेख.

युरोपात जाऊन तिथल्या लोकांशी आपल्या देशाचे राजकारण बोलणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना कंपनी सरकारने १८३९ साली पदच्युत केले, तेव्हा त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. ते १८५३ पर्यंत तिथेच राहिले. दरम्यान १८४७ साली महाराज काशीस वारले आणि पुढच्याच वर्षी सातारचे राज्य खालसा झाले, तरी हा माणूस कंपनीच्या भागधारकांच्या सभांतून आणि पार्लमेंटच्या सभासदांच्या दारी फिर्याद मांडतच होता. हाती काही आले नाही.

रंगो बापूजी परत फिरले त्याच सुमारास ब्रह्मावर्ताहून नानासाहेब पेशव्यांचे वकील म्हणून अजीमुल्ला खान विलायतेला निघाले. दुसऱ्या बाजीरावांना वर्षाला आठ लाख रुपये तनखा होता. १८५१ साली ते वारल्यावर कंपनीने तो बंद केला. तो दत्तकपुत्राला मिळावा एवढीच मागणी होती. अजीमुल्ला गरिबीतून वर आलेले, इंग्रजी उत्तम बोलणारे. लंडनच्या बड्या घरांतून त्यांचे आगतस्वागत भरपूर झाले, पण तनखा नामंजूरच झाला. परतीच्या वाटेवर मात्र ते कॉन्स्टँटिनोपलला उतरले आणि तिथून क्रिमियाच्या रणभूमीवर गेले. सेबास्तोपोलपुढे इंग्रज आणि फ्रेंच फौजा अडून बसल्या होत्या. ‘टाइम्स’चे प्रसिद्ध बातमीदार रसेल यांना ते तिथे भेटले. इंग्रजांना मागे रेटणारे हे रशियन पाहायचे आहेत, अशी आपली इच्छा त्यांनी बोलून दाखवल्याचे रसेलने पुढे लिहून ठेवले आहे. ही १८५५ सालची गोष्ट. त्यानंतर दोनच वर्षांनी काय घडले ते शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. लंडनच्या दिवाणखान्यांत जे कोणी सांगितले नसते, ते अजीमुल्लांना खंदकाच्या काठावर उभे राहून कळले.

आता १९२० सालाकडे येऊ. पहिले महायुद्ध संपले होते, तुर्कस्तान हरले होते आणि खलिफाच्या राज्याचे तुकडे करण्याची बोलणी युरोपात चालू होती. खिलाफत चळवळीची मध्यवर्ती कचेरी आपल्या मुंबईतच होती. १ फेब्रुवारी १९२० रोजी मुंबई बंदरातूनच खिलाफतीचे शिष्टमंडळ युरोपला निघाले. पुढारी मौलाना मुहम्मद अली आणि त्यांच्याबरोबर सय्यद हुसेन, मौलाना सय्यद सुलैमान नदवी व अबुल कासिम. मुहम्मद अली ऑक्सफर्डचे पदवीधर होते आणि त्यांच्या इंग्रजीला इंग्रजही मान देत. सरकारच्या नजरकैदेतून सुटून त्यांना जेमतेम महिना झाला होता.

मार्च महिन्यात पंतप्रधान लॉईड जॉर्ज यांनी शिष्टमंडळाला भेट दिली. आपल्या विद्यार्थ्यांनी त्या संभाषणाचा अभ्यास जरूर करावा. मुहम्मद अलींनी पंतप्रधानांना त्यांच्याच शब्दाची आठवण दिली. तुर्कांची राजधानी आणि त्यांची मायभूमी हिरावून घेण्यासाठी आम्ही लढत नाही, असे लॉईड जॉर्ज जानेवारी १९१८ च्या भाषणात जाहीरपणे म्हणाले होते. खलिफाकडे धर्मरक्षणापुरती सत्ता राहिली पाहिजे, पवित्र स्थाने त्याच्या देखरेखीखाली असली पाहिजेत आणि अरबांच्या भूमीवर मुसलमानेतर सत्ता येता कामा नये, अशी मागणी त्यांनी मांडली. लॉईड जॉर्जनी शांतपणे ऐकून घेतले आणि उत्तर दिले की, जर्मनीला आणि ऑस्ट्रियाला न्याय मिळाला, तोही कडक मिळाला, मग तुर्कस्तानानेच त्यातून का सुटावे? आणि मग त्यांनी दुखऱ्या जागेवर बोट ठेवले. अरबांनाच तुर्कांपासून स्वातंत्र्य हवे आहे, त्याचे तुम्ही काय करणार?

हा प्रश्न कपटाचा होता, कारण इंग्रजांच्या मनात अरबांचे स्वातंत्र्य मुळीच नव्हते, हे पुढे इराक आणि पॅलेस्टाईनमध्ये दिसलेच. तरीही प्रश्न खोटा नव्हता. मक्केच्या शरीफ हुसेनने १९१६ सालीच तुर्कांविरुद्ध बंड केले होते. आणि शिष्टमंडळ लंडनमध्ये असतानाच, त्याच मार्च महिन्यात, त्याचा मुलगा फैसल याला दमास्कसमध्ये सीरियाचा राजा म्हणून घोषित करण्यात आले होते. अरब आणि तुर्क यांच्यात आम्ही समेट घडवू, एवढेच मौलाना सांगू शकले. त्यांची कळकळ खरी होती, वक्तृत्व मोठे होते, पण ज्यांच्या वतीने ते बोलत होते त्यांच्याच मनात काय आहे, याची खबर समोरच्या माणसाला अधिक होती. परदेशात वाद घालायला जाणाऱ्या तरुणाची अडचण पुष्कळदा इथेच होते.

शिष्टमंडळ पुढे पॅरिसला गेले, इटलीत पोपना भेटले, सभा घेतल्या, पत्रके काढली. सुलैमान नदवींनी या प्रवासात मायदेशी लिहिलेली पत्रे पुढे पुस्तकरूपाने आली आहेत. उर्दू येणाऱ्यांनी ती अवश्य वाचावीत. ऑगस्टमध्ये सेव्हरचा तह झालाच आणि तुर्कस्तानचे लचके तुटले. तीन वर्षांनी लोझानच्या तहात तुर्कांना त्यांची मायभूमी परत मिळाली, ती मुस्तफा कमालच्या फौजेमुळे. आणि मग ३ मार्च १९२४ रोजी त्याच तुर्कांनी खिलाफतच बरखास्त केली. ज्या गोष्टीसाठी आपल्याकडच्या बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले होते, ती गोष्टच उरली नाही.

असो. मौलाना ऑक्टोबर १९२० मध्ये रिकाम्या हाताने परतले आणि त्याच महिन्यात त्यांनी आणि गांधीजींनी अलीगढच्या विद्यार्थ्यांना सरकारी मदतीवर चालणारे कॉलेज सोडण्याचे आवाहन केले. २९ ऑक्टोबरला अलीगढमध्येच जामिआ मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. तिचे पहिले कुलगुरू मौलाना मुहम्मद अलीच. जे विद्यार्थी कॉलेज सोडून बाहेर पडले त्यांत तेवीस वर्षांचा एक तरुण होता, झाकीर हुसेन.

झाकीर हुसेन १९२२ साली अर्थशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी बर्लिनला गेले. मुहम्मद मुजीब ऑक्सफर्ड उरकून तिथेच आले, छपाईचे काम शिकायला. आबिद हुसेनही तिथे डॉक्टरेट करत होते. जर्मनी तेव्हा हरलेला, कर्जात बुडालेला देश. नोटांची किंमत इतकी घसरली की नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला चार लाख कोटींहून अधिक मार्क मोजावे लागत. जानेवारी १९२३ मध्ये फ्रेंचांनी ऱ्हूरचा कोळशाचा मुलूख ताब्यात घेतला, तेव्हा तिथल्या खाणकामगारांनी आणि रेल्वेच्या नोकरांनी हत्यार न उचलता काम बंद केले. आपल्याकडे गांधीजी त्या वेळी पुण्याला येरवड्याच्या तुरुंगात सहा वर्षांची शिक्षा भोगत होते. निःशस्त्र प्रतिकार म्हणजे काय, हे जर्मन माणूस स्वतःच्या घरात अनुभवत होता. साहजिकच समोर हिंदी विद्यार्थी दिसला की तो विचारी, हा तुमचा गांधी कोण? त्याची चळवळ का थांबली?

अशा प्रश्नांना झाकीर हुसेनांनी दिलेले उत्तर म्हणजे एक पुस्तक. एका जर्मन सहकाऱ्याच्या मदतीने त्यांनी १९२४ साली गांधीजींच्या विचारांची ओळख करून देणारा ग्रंथ जर्मन भाषेत प्रसिद्ध केला. जरा विचार करा. अलीगढचा एक मुसलमान विद्यार्थी युरोपच्या मध्यावर बसून, यजमानांच्या भाषेत, गांधींचा संदेश समजावून सांगतो आहे. त्याच सुमारास त्याने बर्लिनच्याच एका छापखान्यात गालिबचा दीवान सुबक, लहान आकारात छापून घेतला. त्याचे काही खिळे तर स्वतःच्या हाताने जुळवले. गांधी आणि गालिब ही दोन्ही आपलीच दौलत आहे, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही.

हे तिघे लॉईड जॉर्जसारख्या कोणाच्या भेटीला गेले नाहीत. त्यांना कोणी भेटही दिली नसती. त्यांच्या बैठका व्हायच्या विद्यार्थ्यांत, शिक्षकांत, कलावंतांत, आणि वीरेंद्रनाथ चट्टोपाध्यायांसारख्या बर्लिनला राहणाऱ्या हिंदी क्रांतिकारकांच्या गोतावळ्यात. तिथे बोलणे एका दिवसात संपत नसे आणि कोणाला काही मागायचेही नव्हते. त्यामुळे तिथे ऐकूनही घेता येई. म्युनिकचे शिक्षणतज्ज्ञ केर्शेनस्टाइनर यांचा, मुलाने हाताने काम करीत शिकावे, हा विचार झाकीर हुसेनांनी तिथेच आत्मसात केला.

याच बैठकांत त्यांची ओळख गेर्डा फिलिप्सबोर्न या ज्यू तरुणीशी झाली. हिंदुस्थानात आम्ही एक शाळा उभी करीत आहोत, एवढेच ऐकून ती बाई थांबली नाही. हिटलर जर्मनीत सत्तेवर आला त्याच सुमारास ती जामिआत दाखल झाली आणि लहान मुलांच्या वर्गांचे काम तिने अंगावर घेतले. मुले तिला आपाजान म्हणत. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने ‘शत्रुराष्ट्राची नागरिक’ म्हणून तिला काही काळ स्थानबद्ध केले. ज्या देशाने तिचे लोक संपवायला घेतले होते, त्याच देशाची नागरिक म्हणून! १९४३ साली तिचे निधन झाले. तिची कबर जामिआच्या कब्रस्तानात आहे.

मी पुढची गोष्ट आधी सांगून टाकली. १९२४ मध्ये खिलाफत संपली तसा खिलाफत कमिटीकडून जामिआला येणारा पैसाही आटला. आता ही संस्था बंदच करावी, असे बरेच जण म्हणू लागले. हकीम अजमल खान आणि डॉ. अन्सारी एवढेच काय ते धीर धरून होते. ही बातमी बर्लिनला पोहोचली तेव्हा झाकीर हुसेनांनी निरोप पाठवला की, मी आणि माझे काही सोबती जामिआला आयुष्य वाहायला तयार आहोत, आम्ही येईपर्यंत ती बंद करू नका. १९२५ साली जामिआ अलीगढहून दिल्लीला करोलबागेत आली. १९२६ च्या आरंभी हे तिघे परतले. बर्लिन विद्यापीठाचे डॉक्टर झालेले झाकीर हुसेन एकोणतिसाव्या वर्षी कुलगुरू झाले. १९२८ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शपथ घेतली की, वीस वर्षे संस्थेची सेवा करू आणि महिना दीडशे रुपयांपेक्षा अधिक पगार घेणार नाही. पुष्कळदा तेवढाही हाती पडला नाही. झाकीर हुसेन १९४८ पर्यंत त्या जागी राहिले आणि त्यांच्यानंतर मुजीब आले, ते १९७३ पर्यंत.

बर्लिनच्या त्या बैठकांचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातही येऊन पोहोचला आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे आणि मुलांच्या कामातून शाळेचा खर्च भागावा, अशी गांधीजींची कल्पना होती. झाकीर हुसेन बोलायला उभे राहिले आणि अदबीने पण स्पष्ट म्हणाले की, कामातून शिक्षण हा विचार जगाला नवा नाही. शाळेने स्वतःचा खर्च काढावा यावर फार जोर दिला तर शिक्षक गरीब मुलांकडून राबवून घेणारे मुकादम होतील. भरल्या सभेत, गांधीजींसमोर! गांधीजींनी काय करावे? योजना तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांनी झाकीर हुसेनांनाच दिले. विनोबा भावे, काका कालेलकर, ख्वाजा गुलाम सय्यदैन यांच्यासारखे लोक त्या समितीत होते. दोन महिन्यांत तिचा अहवाल तयार झाला. तीच पुढे ‘नई तालीम’, मूलोद्योग शिक्षण म्हणून गावोगावच्या शाळांतून गेली. तुमच्या घरात कोणी वडीलधारे शाळेत टकळीवर सूत कातायला शिकले असतील, तर त्यांना तो तास आठवतो का ते जरूर विचारा.